शंकेनं झुरू नका, रक्त तपासून घ्या

मैत्रिणींनो, यजमान कामानिमित्त महिनोन्‌महिने बाहेरगावी असतात. ते येऊन गेल्यावर आपल्याला ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ उठतं आणि मनात पाल चुकचुकते, ‘एड्स तर नसेल?’ बाई, विचारायचं तरी कुणाला!

एच.आय.व्ही. एका ताटात जेवून, कपडे एकत्र धुऊन किंवा डास चावून होत नाही. तो पसरतो निरोध न वापरता आलेल्या शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, सुईतून आणि आईकडून बाळाला. ताप येणं, घसा धरणं साध्या फ्लूतही होतं. उलट लागण होऊनही कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. तेव्हा लक्षणं मोजत बसण्यात अर्थ नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्यानं ती गुप्त ठेवावी लागते. फार लवकर केलेल्या तपासणीत लागण सुटू शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. संबंध येऊन ७२ तास झाले नसतील, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठा. लागण टाळणारी औषधं आहेत.

आणि लागण निघालीच, तर गोळ्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज नेमानं घेणाऱ्या बायका आज संसार करताहेत, निरोगी बाळांना जन्म देताहेत. बोलायला कुणी नसेल, तर १०९७ हा फोन फुकट आहे. मग उगाच रात्री का जागून काढायच्या?