रक्त थोडंच द्यायचं, पण तारखेला

“सिस्टर, मागच्याच महिन्यात रक्त घेतलं, आता पुन्हा कशाला?” हृदयाची झडप बदललेले पेशंट हे विचारतात. प्रश्न रास्त आहे.

लहानपणी घसा सुजतो, मग ताप येतो, सांधे धरतात आणि काही मुलांच्या हृदयाची झडप कायमची खराब होते. दाटीवाटीच्या घरांत हा आजार जास्त. पुढे धातूची झडप बसवली की तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून गोळीचं प्रमाण पीटी-आयएनआर तपासणीवर ठरतं. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर साधारण १ असतो. धातूची झडप असलेल्या बहुतेकांचा २ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. तुमचा किती हवा, हे कोणती झडप बदलली त्यावर ठरतं. डॉक्टरांना तो आकडा विचारा.

रक्त किती जातं? निळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिली, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. अंगात चार-पाच लिटर रक्त असतं, त्यामुळे एवढ्याने अशक्तपणा येत नाही. नळी मात्र खुणेपर्यंत भरलेली हवी, नाहीतर आकडा चुकतो. काही ठिकाणी बोटाला टोचून एका थेंबावर मशीन काही मिनिटांत आकडा सांगतं. तो फार जास्त आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात.

आकडा बदलतो कशाने? पालक, मेथी एकदम जास्त खाल्ली तर तो खाली येतो. भाजी सोडू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिननेही तो उतरतो. जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलने वाढतो. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या दुखण्याच्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून कुठलंही नवं औषध सुरू किंवा बंद होताना “मी रक्त पातळ करायची गोळी घेते” हे आधी सांगा आणि पुन्हा तपासणी कधी करायची ते विचारा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर लगेच डॉक्टरांना भेटा. ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते. पण मनाने बंद करू नका, त्यात आईच्या जिवाला धोका आहे.

हिरड्यांतून रक्त थांबत नाही, शौचाला काळं होतं, लघवी लाल होते, डोक्याला मार लागला, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

घरात एक वही ठेवा. तारीख, आकडा, गोळीचं प्रमाण, पुढची तारीख. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला लिहायला लावा. दुसऱ्याची गोळी, दुसऱ्याचं प्रमाण आपल्याला चालत नाही. मजुरी बुडते म्हणून तपासणी टाळली जाते, हे मला माहीत आहे. म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते का ते विचारा. होत नसेल तर चार घरांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.