‘लहान’ सिक्लिड नेमके किती लहान?

मागच्या भागात टँक घरात कुठे ठेवावा ते पाहिलं. आता त्यात कोण राहणार हे ठरवू. नव्या शौकिनाची नजर बहुतेक वेळा कन्व्हिक्ट या सिक्लिड माशावर जाते. दुकानात तो जेमतेम इंचभर असतो, राखाडी अंगावर आठ-नऊ काळे उभे पट्टे. किती वाढतो, असं विचारलं की उत्तर मिळतं, “फार नाही, लहान जात आहे.”

हे ‘लहान’ कुणाच्या तुलनेत, ते आधी समजून घ्यायला हवं. मध्य अमेरिकेच्या नद्या-तलावांत डोव्हीसारखे दोन फुटांच्या पुढे जाणारे सिक्लिड आहेत. मिडास सहज फूटभर होतो. ग्वातेमालापासून निकाराग्वापर्यंतच्या ओढ्यांत राहणारा कन्व्हिक्ट त्यांच्या शेजारी लहानच. पण तुमच्या दोन फुटी टँकला डोव्हीशी काय देणंघेणं?

दुसरा घोळ मोजण्याचा. अभ्यासक माशाची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत धरतात. जतन केलेल्या नमुन्यांचे शेपटीचे पर तुटतात, म्हणून ते हिशेबात घेत नाहीत. त्यामुळे पुस्तकातला १० सेंटिमीटरचा नर तुमच्या डोळ्यांसमोर साडेबारा सेंटिमीटरचा, म्हणजे पाच इंचांचा असतो. घरी मोजायचं असेल तर मासा पुढच्या काचेला चिकटून पोहत असताना बाहेरून पट्टी धरा. तो मागे असताना पाण्यातून आकाराचा अंदाज हमखास चुकतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही: नर आणि मादी सारखे वाढत नाहीत. मी एकाच वेळी आणलेल्या जोडीत वर्षभराने नर साडेचार इंचांचा होता, मादी तीन इंचांची. नराच्या पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांची टोकं लांबून मागे लोंबत होती, कपाळ किंचित फुगलं होतं. मादी आखूड, पण पोटावर नारिंगी झाक. तिचं खाणं अंड्यांत जातं, त्याचं अंगात. कारण अंड्यांसाठी चांगली कपार धडधाकट नरालाच राखता येते. ही मादी एकदा फुटक्या कुंडीत अंडी घालून बसली. तीन दिवसांत पिल्लं बाहेर आली, आठवड्याने पोहू लागली. मग ती तळावरचं सुकलेलं पान तोंडाने उलटायची आणि खालच्या बारीक खाद्यावर पिल्लं तुटून पडायची. तीन इंचांच्या जीवाने टँकमधले बाकी सगळे मासे एका कोपऱ्यात दाबून ठेवले होते.

बाकीच्या जातींचं थोडक्यात सांगतो. गलफडं फुगवून लाल गळा दाखवणारा फायरमाऊथ कन्व्हिक्टपेक्षा मोठा, नर पाच-सहा इंचांचा. कोस्टारिकाचा साजिका चार इंचांच्या आसपास. पनामाचा पिवळा नॅनोल्यूटियस या सगळ्यांत छोटा, तीन इंचांच्या आगेमागे. मात्र आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. जॅक डेम्प्सीला ‘लहान’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. तो आठ-दहा इंचांचा होतो.

“मासा टँकएवढाच वाढतो” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मला ते घातक वाटतं. छोट्या टँकमध्ये वाढ खुंटते, पण मासा आपणहून जागेचं माप घेऊन थांबतो म्हणून नाही. थोड्या पाण्यात घाण लवकर साठते, नायट्रेट चढतं, मासा सतत ताणाखाली राहतो. अंग खुरटतं, डोळे त्या मानाने मोठे दिसतात, कधी पाठीचा कणाही वाकतो. असा मासा लहान राहिलेला नसतो, आजारी असतो. दर आठवड्याला पाव-तृतीयांश पाणी बदला, आणि त्याच जातीचा मासा किती भरतो ते पाहा.

म्हणून टँक नराच्या पूर्ण लांबीवर ठरवा. २४×१२×१२ इंचांच्या टँकमध्ये जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. त्यात कन्व्हिक्टची एकच जोडी ठेवा, दुसरं काही नाही. सोबत इतर मासे हवे असतील तर ३६×१८×१८ घ्या. त्यात १९० लिटर पाणी बसतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन १९० किलो. मागच्या भागात लोखंडी स्टँडचा आग्रह धरला तो यासाठीच.

आणि अंदाज चुकून मासे टँकला जड झाले, किंवा पिल्लं शंभरावर गेली, तर ती तलावात, नदीत किंवा विहिरीत सोडू नका. उजनीच्या जाळ्यात येणारी चिलापीसुद्धा सिक्लिडच आहे, मूळची आफ्रिकेची. एकदा पाण्यात रुजली की ती परत काढता येत नाही. दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या शौकिनाला द्या. तेही जमत नसेल, तर जोडी न घेता एकटा नर पाळा.