शीतपेयाच्या बाटलीमागचें पाणी



वैशाखांत भोकरच्या बाजारपेठेंत एखादा शेतकरी शीतपेयाची गार बाटली विकत घेतो, तेव्हां त्या अर्ध्या लिटर पेयापायीं किती पाणी खर्ची पडलें असेल, हा प्रश्न त्याला सुचण्याचें कारण नाहीं. तो प्रश्न पेय विकणाऱ्या कंपनीनें स्वतःस विचारावयाचा आहे. मोठ्या कंपन्या अलीकडे तो विचारूंही लागल्या आहेत. परंतु त्यांचें उत्तर अर्धेंच असतें, असें माझें मत आहे.

पेयांत जाणारें पाणी सोडून बाटल्या धुणें, यंत्रें स्वच्छ करणें, वाफ निर्माण करणें यांसाठींही कारखान्यास पाणी लागतें. कोका-कोला कंपनीच्या स्वतःच्या अहवालांप्रमाणें २००४ मध्यें एका लिटर पेयामागें २.७ लिटर पाणी लागत असे. पुढें तें प्रमाण दोन लिटरांच्या खालीं आलें. ही सुधारणा खरी आहे. परंतु बाटलीमागें पाणी कमी लागलें आणि बाटल्या दुप्पट निघाल्या, तर जमिनींतील उपसा वाढणारच. शिवाय तें पाणी कोठलें आणि कोणत्या महिन्यांतलें, हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं.

मराठवाड्यास तें २०१६ सालीं दिसलें. त्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर आलें. त्याच वेळीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, बिअरचे कारखाने चालूं होते. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचें पाणी टप्प्याटप्प्यानें ६० टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. तेथें एका लिटरमागें किती पाणी, हा हिशेब कामाचा नव्हता. धरणांत काय उरलें आहे, हाच एक हिशेब होता.

कंपन्या म्हणतात, जेवढें घेतों तेवढें पाणी आम्ही बंधारे व तळीं बांधून परत करतों. चांगली गोष्ट आहे. पण एका खोऱ्यांतील बंधाऱ्यानें दुसऱ्या खोऱ्यांतील विहिरीस पाणी येत नाहीं. केरळांत प्लाचिमडा येथें कोका-कोलाचा कारखाना २००० सालीं सुरू झाला. भोंवतालच्या विहिरी आटल्या व पाणी बिघडलें, अशी गांवकऱ्यांची तक्रार होती. २००३ मध्यें पंचायतीनें परवाना नूतन करण्याचें नाकारलें आणि २००४ मध्यें कारखाना बंद पडला. पुढें २०१० मध्यें त्या राज्याच्या उच्चाधिकार समितीनें नुकसान सुमारें २१६ कोटि रुपयांचें ठरविलें.

आतां उत्तराचा दुसरा अर्धा भाग. अर्ध्या लिटर गोड पेयांत सुमारें ५० ग्रॅम साखर असते. ऊंस वाढण्यापासून धरल्यास एक किलो साखरेस १५०० ते २००० लिटर पाणी लागतें असें मानतात. म्हणजे कारखान्यांत या बाटलीस एक लिटर पाणी लागलें, तर उंसाच्या फडांत ७५ ते १०० लिटर! नांदेडकडे वर्षाचा पाऊस सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास. उंसास १५०० ते २५०० हवा. मधली तूट विहिरी व कालवे भरून काढतात. मोकाट पाणी देण्याऐवजीं ठिबक बसवावें, हें शेतकऱ्यास ठाऊक आहे; पण त्याचा खर्च त्यानें एकट्यानें कां सोसावा?

आणि ऊंस तोडतो कोण? बीडकडून, तसेंच कंधार-मुखेडच्या डोंगरपट्ट्यांतून, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मुकादमाची उचल घेऊन निघतो. आजारपणानें काम चुकलें कीं खाडा धरला जातो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत झालेल्या शासकीय पाहणींत ८२,३०९ स्त्री-कामगारांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. महाराष्ट्रांतील अशा तोडीची साखर कोका-कोला व पेप्सी या कंपन्यांपर्यंत पोहोंचते, असें २०२४ च्या मार्चांत 'न्यूयॉर्क टाइम्स'नें सविस्तर प्रसिद्ध केलें. पेयाची कंपनी साखर कारखान्याकडे बोट दाखविते, कारखाना मुकादमाकडे, आणि मुकादम उचलीच्या वहीकडे.

रिकाम्या बाटलीचा प्रश्न स्वतंत्र भाषणाचा आहे. तो आज सोडून देतों.

साखरेच्या खरेदीपत्रांत कंपनीस कांहीं अटी घालतां येतील: ऊंस ठिबकावरचा असावा, स्त्रीची मजुरी तिच्याच नांवें मिळावी, आजारपणाचा खाडा धरूं नये, कोप्यांपाशीं पाणी व शौचकूप असावें. यासाठीं एकही यंत्र बदलावें लागत नाहीं. पोत्यामागें कांहीं रुपये मात्र अधिक मोजावे लागतील, आणि अडचण तेथेंच असावी, असें मला वाटतें.