गादीवाफ्यावरील ब्ल्यूबेरी लागवड : मातीच्या आम्लतेचा विचार

प्रस्तावना :

फळझाडासाठी जमीन सुपीक असावी व तिला भरपूर शेणखत मिळावे, असा सर्वसाधारण समज आहे. ब्ल्यूबेरी हे झुडूप या समजाला अपवाद ठरते. मूळच्या उत्तर अमेरिकेतील या झुडपाची तेथील परसबागांत गादीवाफ्यावर लागवड केली जाते. परंतु गादीवाफा म्हणजे केवळ निचऱ्याची सोय असे मानून तो उत्तम खतमातीने भरल्यास झुडपे पिवळी पडून खुरटतात. प्रस्तुत लेखात गादीवाफ्याचे प्रयोजन व त्यामागील मृदाशास्त्रीय कारणे विशद केली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्ल्यूबेरी प्रामुख्याने रानातूनच गोळा केली जात असे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोगांती दाखवून दिले की, हे झुडूप खतावलेल्या व चुनायुक्त मातीत वाढत नाही. त्याला आम्ल मातीच लागते. त्यांची ही पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध झाली. न्यू जर्सीतील व्हाइट्सबॉग येथील क्रॅनबेरी मळ्याच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ साली त्यांना सहकार्य देऊ केले. परिसरातील लोकांकरवी त्यांनी मोठ्या फळांची रानटी झुडपे शोधून घेतली. लागवडीच्या ब्ल्यूबेरीचे पहिले पीक १९१६ साली बाजारात आले.

आम्लतेची आवश्यकता :

व्हॅक्सिनियम कोरिम्बोसम या जातीला ४.५ ते ५.५ सामू असलेली माती मानवते. सामूची मोजणी घातांकी असल्याने ७ व ५ यांतील अंतर दोन पटींचे नसून आम्लतेच्या दृष्टीने शंभर पटींचे असते. सामू वाढला की मातीतील लोह अविद्राव्य होते आणि ते मातीत असूनही झुडपास मिळत नाही. परिणामी कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा पडतो. यालाच शेतकरी केवडा म्हणतात. ही उपासमार खताअभावी झाली असे समजून अधिक खत घातल्यास दुखणे बळावते.

या झुडपाच्या मुळांना मूलरोम नसतात. मुळे तंतूंसारखी बारीक व उथळ असून अन्नद्रव्ये शोषण्यास त्यांना विशिष्ट बुरशींचे साहचर्य लाभते. नत्र नायट्रेटपेक्षा अमोनियम स्वरूपात घेणे त्यांना अधिक सुकर जाते. म्हणून अमोनियम सल्फेटचे अल्प हप्ते योग्य ठरतात, तर चुना व राख पूर्णतः वर्ज्य होत.

गादीवाफ्याची रचना :

रानटी झुडपे दलदलीत आढळतात. मात्र तेथेही ती बहुधा पाण्यावर डोके काढलेल्या लहान उंचवट्यांवर उभी असतात. मुळांखाली ओलावा व मुळांभोवती हवा, ही स्थिती गादीवाफा निर्माण करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्थानिक मातीहून वेगळी माती तो सांभाळून ठेवतो. साधारणतः ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीच्या वाफ्यात पीट व पाइनच्या सालीचा भुसा मुख्यत्वे भरतात. दोन झुडपांत १.२ ते १.५ मीटर अंतर ठेवतात व वर पाइनच्या सुया अथवा सालीचे ५ ते १० सेंटिमीटर आच्छादन घालतात.

सामू उतरविण्यासाठी गंधकाची भुकटी वापरतात. मातीतील जिवाणू तिचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात. ही क्रिया उष्ण व ओलसर मातीतही काही महिने घेते. म्हणून गंधक लागवडीच्या आदल्या वर्षी मिसळणे इष्ट असते. पहिली दोन वर्षे फुले खुडून टाकल्यास झुडपाचा सांगाडा बळकट होतो. दोन भिन्न वाण शेजारी लावल्यास परपरागीभवनामुळे फळे मोठी होतात.

महाराष्ट्रातील मातीच्या संदर्भात :

दख्खनच्या पठारावरील काळी माती बहुतांशी अल्कधर्मी असून तिच्यात मुक्त चुना आढळतो. गंधकापासून तयार होणारे आम्ल हा चुना निष्प्रभ करीत राहतो. अशा ठिकाणी जमिनीत गंधक मिसळून भागत नाही; तळाशी स्थानिक मातीचा संपर्क तोडणारा वाफा अथवा मोठी कुंडीच आवश्यक ठरते. तसेच बायकार्बोनेटयुक्त विहिरीचे पाणी वाफ्याचा सामू हळूहळू वाढविते. साठविलेले पावसाचे पाणी त्याहून श्रेयस्कर होय. याशिवाय उत्तरेकडील वाणांना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील सुमारे ८०० ते १००० तास लागतात. पठारावर एवढी थंडी मिळत नाही. त्यामुळे फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधनातून पुढे आलेल्या, कमी थंडीवर फळणाऱ्या दक्षिणी वाणांचाच येथे विचार करता येतो.

निष्कर्ष :

ब्ल्यूबेरीच्या बाबतीत गादीवाफा हा उंचीचा नव्हे, तर मातीच्या रसायनाचा प्रश्न आहे. हे झुडूप अनेक दशके जगू शकते. पूर्ण उत्पन्न येण्यास मात्र सहा ते आठ वर्षे लागतात. त्यामुळे आरंभीच्या चुकीची किंमत उशिरा कळते. लागवडीपूर्वी माती व पाणी या दोहोंची तपासणी करणे आणि पुढे दरवर्षी सामू मोजणे, हाच या लागवडीचा पाया होय. सुपीकता हा मातीचा निरपेक्ष गुण नसून ती विशिष्ट वनस्पतीच्या संदर्भातच ठरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.