न सरकलेले शिखर

चार मजले धावत चढून पाहा. पोटऱ्या भरून येतात. त्या वेळी स्नायूत कोणती रासायनिक उलाढाल चालते, हे स्नायूला न कापता कसे कळावे?

अमेरिकेत १९४६ साली ब्लॉक आणि पर्सेल यांनी शोधलेले ‘अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन’ येथे उपयोगी पडते. नावाला भिऊ नका. किरणोत्साराशी त्याचा संबंध नाही. काही अणुकेंद्रे चिमुकल्या चुंबकांसारखी असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती भोवऱ्याच्या आसाप्रमाणे ठरावीक कंप्रतेने डोलतात. १ टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे वीस हजार पट क्षेत्रात, फॉस्फरसचे केंद्र सेकंदाला सुमारे १ कोटी ७२ लाख वेळा डोलते. नेमक्या त्याच कंप्रतेच्या रेडिओलहरी सोडल्या, की केंद्रे ऊर्जा शोषतात आणि मग स्वतः क्षीण संदेश देऊ लागतात.

खरी गंमत पुढेच आहे. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरचे क्षेत्र किंचित कमी करतात. किती कमी, ते शेजारच्या अणूंवर अवलंबून असते. फरक दशलक्षात काही भाग एवढाच. पण त्यामुळे आलेखावर प्रत्येक संयुगाचे शिखर निराळ्या जागी उमटते. फार विरळ पदार्थ मात्र यात दिसत नाहीत, कारण मुळात संदेशच फार दुबळा असतो.

ऑक्सफर्ड येथे १९७४ साली राडा, रिचर्ड्स प्रभृतींनी उंदराच्या पायाचा नुकताच काढलेला स्नायू अशा उपकरणात ठेवला. एटीपीची तीन शिखरे दिसली (त्यात तीन फॉस्फेट असतात ना!), शिवाय फॉस्फोक्रिएटिनचे आणि सुट्या फॉस्फेटचे. वेळ जाऊ लागला तसे फॉस्फोक्रिएटिनचे शिखर खचले, सुट्या फॉस्फेटचे वाढले आणि बाजूला सरकलेही! स्नायूतील ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल होते, तेव्हा हायड्रोजन आयन फॉस्फेटला चिकटतात. त्यामुळे शिखराची जागा बदलते. ती जागा मोजली, की स्नायूची आम्लता कळते. घरचा लिटमसच म्हणा ना!

ऑक्सफर्डलाच १९८१ साली एका रुग्णाची तपासणी झाली. त्याला मॅकआर्डल रोग असावा, असा डॉक्टरांना संशय होता. या रोगात स्नायूतील ग्लायकोजेन फोडणारे विकर काम करत नाही. श्रम केले की गोळे येतात. हात चुंबकात ठेवून त्याला व्यायाम करायला लावला. निरोगी माणसाच्या हातात अशा वेळी फॉस्फेटचे शिखर आम्लाच्या बाजूला सरकते. याच्या हातात ते तसे सरकलेच नाही. ग्लायकोजेन फुटत नव्हते, मग आम्ल येणार कोठून? सुरी न लावता संशय खरा ठरला.