ग्रीस किती घालायचं? उत्तर ग्रॅममध्ये द्या!



फार्महाऊसवर, शेतात सोलरच्या जोडीला छोटी पवनचक्की दिसते. बसवणारा बसवून जातो. काही वर्षांनी ती घरघर करायला लागली, की मालक माणूस शोधत फिरतो. तो माणूस तुम्ही होऊ शकता. पण आधी एक गैरसमज डोक्यातून काढा: "जास्त ग्रीस म्हणजे बेअरिंगला जास्त आयुष्य."

होतं उलटंच. ठासून भरलेलं ग्रीस फिरताना घुसळलं जातं, बेअरिंग तापतं आणि ग्रीसमधलं तेल सुटतं. नवीन बेअरिंग भरताना आतली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरली तरी पुरे.

आणि चालू बेअरिंगला? गणित सोपं आहे. बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला ०.००५ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे ग्रॅम. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा व्यास ५२, रुंदी १५. म्हणजे ३.९ ग्रॅम. बस्स!

आता तुमची ग्रीस गन एका दाबात किती सोडते? दहा दाब काट्यावर घ्या, दहाने भागा. १.३ ग्रॅम आलं, तर ६२०५ ला तीन दाब.

नंबरच्या पुढे झेडझेड किंवा टूआरएस असेल, तर थांबा. दोन्ही बाजू बंद, ग्रीस कारखान्यातच भरलेलं. आवाज आला, तर बेअरिंग बदला. तिथे ग्रीसिंगचे पैसे लावलेत, तर गिऱ्हाईक एकदाच फसेल, पुन्हा बोलावणार नाही.

आधीचं ग्रीस कोणतं, हे विचारा. लिथियम आणि पॉलियुरिया सहसा एकमेकांत मिसळू नका. कळलं नाही, तर जुनं पूर्ण धुऊन नवीन भरा.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा जोर धरतो, म्हणून काम मे महिन्यातच उरका. मुख्य शाफ्टसोबत, पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवणारं बेअरिंगही तपासा. वर चढण्याआधी ब्रेक लावून पाती बांधा. सेफ्टी बेल्टशिवाय चढायचं नाही आणि वारा असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

शेवटी मालकाला एक कार्ड द्या: तारीख, बेअरिंगचा नंबर, ग्रीसचं नाव, किती ग्रॅम. दुसरी प्रत तुमच्याकडे. पुढच्या मे महिन्यात फोन तुम्हीच करायचा, कारण त्या मशीनचा हिशोब तुमच्याकडे आहे. सर्व्हिसच्या धंद्यात भांडवल म्हणतात ते हेच.

आज एवढंच करा: गन उचला, काटा घ्या, दहा दाब मोजा.