एक दशांशाची गोष्ट

विद्यार्थिमित्रांनो, घरात किंवा शेजारच्या वाण्याच्या दुकानात आठ अंक दाखवणारे साधे गणकयंत्र असेल, तर घटकाभर मागून घ्या. (भ्रमणध्वनीतले गणकयंत्र नको, ते अधिक हुशार असते आणि आपली चूक झाकून ठेवते.) आता १ ला ३ ने भागा. पडद्यावर ०.३३३३३३३ असे उत्तर येईल. लगेच त्याला ३ ने गुणा. उत्तर १ यायला हवे. पण पुष्कळशा साध्या यंत्रांवर ०.९९९९९९९ असे येते.

यंत्र चुकले का? तसे म्हणता येणार नाही. एक तृतीयांश ही संख्या दशांश चिन्हात लिहायची, तर ३ हा अंक न संपता लिहीत राहावे लागते. यंत्राजवळ जागा मात्र आठ अंकांचीच. जागा संपली, तेथे यंत्राने संख्या तोडली. एवढ्या सूक्ष्म फरकाने कोणाचे काय बिघडणार, असे तुम्ही म्हणाल. मीही विद्यार्थी असताना तसेच म्हणत असे. पण अशाच एका तोडलेल्या संख्येमुळे १९९१ साली अठ्ठावीस माणसे प्राणाला मुकली. ती संख्या कोणती, तर आपल्या नेहमीच्या ओळखीची, अगदी साधी दिसणारी ०.१!

दोनच अंकांचे गणित

०.१ या संख्येत न संपणारे असे काय आहे? आपल्या दशमान पद्धतीत काहीच नाही. पण संगणक ० आणि १ या दोनच अंकांनी सगळा व्यवहार करतो. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात. दशमान पद्धतीत दशांश चिन्हानंतरची स्थाने एक दशांश, एक शतांश, एक सहस्रांश अशी असतात; द्विमान पद्धतीत ती १/२, १/४, १/८, १/१६ अशी असतात. म्हणजे पाव लिहायचा तर ०.०१, अर्धा लिहायचा तर ०.१, आणि पाऊण लिहायचा तर ०.११ असे लिहावे लागेल.

आता आपल्या एक दशांशाला द्विमान पद्धतीत लिहू. रीत सोपी आहे. अपूर्णांकाला २ ने गुणायचे. पूर्णांकाच्या जागी ० आला तर ० लिहायचा, १ आला तर १ लिहून तो काढून टाकायचा आणि उरलेल्या भागाला पुन्हा २ ने गुणायचे. कागद घ्या आणि माझ्याबरोबर करा :

०.१ ची दुप्पट ०.२, म्हणून ०.
०.२ ची दुप्पट ०.४, म्हणून ०.
०.४ ची दुप्पट ०.८, म्हणून ०.
०.८ ची दुप्पट १.६, म्हणून १, उरले ०.६.
०.६ ची दुप्पट १.२, म्हणून १, उरले ०.२.

पण ०.२ तर आपल्याला आधी भेटले होते! म्हणजे आता तेच अंक पुन्हा त्याच क्रमाने येणार. उत्तर असे मिळते : ०.०००११००११००११..., आणि हे कधीच संपत नाही. आपल्या पद्धतीत एक तृतीयांशाची जी गत, तीच संगणकाच्या पद्धतीत एक दशांशाची. कितीही मोठा संगणक आणा, द्विमान अपूर्णांक म्हणून साठवलेला त्याच्यातला एक दशांश कोठे तरी तोडलेलाच असतो.

धाहरानची रात्र

१९९१ च्या प्रारंभी आखाती युद्ध चालू होते. इराककडून येणारी स्कड क्षेपणास्त्रे वाटेतच पाडण्यासाठी अमेरिकेने सौदी अरेबियात 'पेट्रियट' नावाची यंत्रणा उभारली होती. या यंत्रणेचे रडार आकाशात काही दिसले की त्याचा वेग आणि जागा टिपते. मग संगणक हिशेब करतो, की ही वस्तू खरोखरच क्षेपणास्त्र असेल तर पुढच्या क्षणी ती अमुक ठिकाणी दिसली पाहिजे. आणि रडार आकाशाच्या तेवढ्याच लहानशा तुकड्यात पाहते. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडूचा रोख पाहून आधीच योग्य जागी धावतो ना, तसेच हे. वस्तू त्या जागी दिसली तर प्रतिक्षेपणास्त्र सुटते. न दिसली तर तो भास होता असे समजून संगणक तिचा नाद सोडून देतो.

या हिशेबाला वेळ अचूक लागते. पेट्रियटचा संगणक यंत्रणा सुरू झाल्यापासून सेकंदाचे किती दशांश उलटले, हे मोजत असे. ही मोजणी पूर्णांकात असल्यामुळे तीत चूक नव्हती. पण तिचे सेकंदांत रूपांतर करण्यासाठी तिला ०.१ ने गुणावे लागे, आणि त्या ०.१ साठी संगणकात द्विमान पद्धतीच्या चोवीस अंकांइतकीच जागा होती. तेथे तोडल्यावर संख्या खऱ्या ०.१ पेक्षा ०.०००००००९५ ने लहान राहिली. सुमारे एक कोटीवा भाग!

आता गुणाकार तुम्हीच करा. तासाला ३,६०० सेकंद, म्हणजे ३६,००० दशांश. शंभर तासांत ३६,००,००० दशांश. त्यांना ०.०००००००९५ ने गुणले, तर सुमारे ०.३४ सेकंद येतात. एक तृतीयांश सेकंद! स्कड क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर होता. म्हणजे तेवढ्या वेळात ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर जाते.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी धाहरान येथील पेट्रियट यंत्रणा शंभराहून अधिक तास बंद न करता चालू होती. त्या रात्री एक स्कड आले. संगणकाने हिशेब करून रडारला चुकीच्या तुकड्यात पाहायला लावले. तेथे काहीच नव्हते. म्हणून प्रतिक्षेपणास्त्र सुटलेच नाही. स्कड सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि अठ्ठावीस अमेरिकन सैनिक ठार झाले.

तुमच्यापैकी एखादा चिकित्सक विद्यार्थी येथे मला अडवील. 'सर, संगणकाला तर दोन वेळांमधला फरकच हवा होता. दोन्ही वेळा सारख्याच मागे असतील, तर वजाबाकीत चूक निघून जाईल!' शंका अगदी रास्त आहे. घरचे घड्याळ दहा मिनिटे मागे असले तरी दूध पाच मिनिटे तापले, हे त्यावरून बरोबरच कळते. पण आरंभ घरच्या घड्याळावर पाहिला आणि शेवट स्टेशनच्या घड्याळावर, तर? रॉबर्ट स्कील या संगणकशास्त्रज्ञाने १९९२ साली नेमके हेच दाखवून दिले. अधिक अचूक रूपांतराची सुधारणा आज्ञावलीत मागाहून करण्यात आली होती. पण ती जेथे जेथे करायला हवी होती, तेथे सगळीकडे झाली नव्हती. एक वेळ सुधारलेली, दुसरी जुनी. अर्धवट केलेली दुरुस्ती अशी महाग पडते.

कळले होते, तरीही

या गोष्टीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग गणिताचा नाही. ही चूक कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. आठ तास यंत्रणा चालली, तरी रडारची नजर सरकते, हे इस्रायलमधील पेट्रियटच्या अनुभवावरून ११ फेब्रुवारीलाच कळले होते. १६ फेब्रुवारीला सुधारलेली आज्ञावली तयार झाली. २१ फेब्रुवारीला यंत्रणा वापरणाऱ्यांना सूचना गेली, की यंत्रणा फार वेळ सलग चालवल्यास नजर सरकू शकते. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत लिहिलेले नव्हते! यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर मोजणी शून्यापासून सुरू होऊन चूकही शून्य झाली असती. त्याला एक-दोन मिनिटेच लागली असती. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोहोचली २६ फेब्रुवारीला. म्हणजे दुसऱ्या दिवशी.

प्रयोगशाळेत मी मुलांना नेहमी सांगतो, की 'बराच वेळ', 'थोडे पाणी', 'पुष्कळ उष्णता' असे प्रयोगवहीत लिहू नका. किती मिनिटे, किती घनसेंटिमीटर ते लिहा. मुलांना तो गुरुजींचा काटेकोरपणा वाटतो. धाहरानच्या सूचनेत 'आठ तास' असे दोन शब्द असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा.

थेंबे थेंबे तळे साचे

संख्या तोडण्याचे आणखी एक उदाहरण ऐका. यात सुदैवाने जीवितहानी झाली नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथील शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये भावांचा एक निर्देशांक सुरू केला. त्याची आरंभीची किंमत १००० ठरवली. भाव बदलला की संगणक निर्देशांक नव्याने काढी. हे दिवसातून हजारो वेळा चाले. प्रत्येक वेळी तीन दशांश स्थळे ठेवून पुढचे अंक कापून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक घसरत घसरत ५२५ च्या आसपास आला. बाजार तर काही एवढा पडलेला नव्हता! सगळा हिशेब नीट केल्यावर खरा आकडा निघाला सुमारे १०९८.

असे का झाले? कापताना प्रत्येक वेळी थोडे कमीच होते, कधी जास्त होत नाही. सरासरीने सहस्रांशाचा अर्धा भाग जातो. पण तो हजारो वेळा गेला की रोज साधारण एक अंक बुडतो. त्याऐवजी पुढचा अंक ५ किंवा अधिक असेल तर एक वाढवायचा, नाही तर सोडायचा, हा शाळेत शिकलेला नियम पाळला असता, तर चुका कधी अधिक, कधी उणे होऊन बहुतांशी एकमेकींना मिटवून टाकत्या. शिक्षक ज्या नियमासाठी अर्धा गुण कापतात, तो नियम इतका मोलाचा आहे!

चंद्राच्या दारात

आता यशाची एक गोष्ट. नाही तर तुम्ही संगणकाला नावेच ठेवीत बसाल.

२० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरत असताना, त्याच्या संगणकाने १२०२ या आकड्याचा धोक्याचा इशारा दिला. या संगणकाची बदलता येणारी स्मृती केवळ २,०४८ शब्दांची होती. दुसऱ्या एका रडारकडून येणाऱ्या निरर्थक संदेशांमुळे संगणकाचा बराच वेळ फुकट जात होता आणि कामे साचत होती. अशा वेळी संगणक बंद पडला असता, तर उतरणे सोडून परत फिरावे लागले असते.

पण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ज्यांनी त्याची आज्ञावली लिहिली, त्यांनी असा प्रसंग येईल हे आधीच गृहीत धरले होते. हॅल लेनिंग यांनी प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रम लावण्याची योजना केली होती. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या गटाने आज्ञावली या योजनेला धरून लिहिली. त्यामुळे भार वाढताच संगणकाने कमी महत्त्वाची कामे बाजूला टाकली, स्वतःला पुन्हा सुरू केले आणि यान उतरवण्याचे काम तेवढे चालू ठेवले.

पृथ्वीवरील नियंत्रण कक्षातही तयारी होती. काही दिवस आधीच्या सरावात असाच एक इशारा देण्यात आला होता, आणि त्या वेळी कक्षातील मंडळींनी घाईने उतरणे रद्द केले होते. तो निर्णय चुकीचा होता. म्हणून मग कोणत्या इशाऱ्याला काय करायचे, याची यादीच जॅक गारमन या तरुण अभियंत्याने हाताने लिहून काढली. खरा इशारा आला तेव्हा काही सेकंदांत उत्तर मिळाले : पुढे चला!

यश कशाला म्हणावे?

अपोलोचा संगणक पेट्रियटच्या संगणकाहून जुना होता. अडचण दोन्हीकडे आली. एकीकडे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी 'हे बिघडले तर काय?' असे स्वतःला आधी विचारले होते, आणि उत्तर नेमक्या शब्दांत लिहून ठेवले होते. दुसरीकडे विमाने पाडण्यासाठी आखलेली, सतत जागा बदलत राहणारी यंत्रणा एकाच ठिकाणी अनेक दिवस चालवली गेली, आणि इशारा मोघम शब्दांत दिला गेला. माझ्या मते कधीही न अडखळणारे यंत्र असे काही नसतेच. अडखळल्यावर सावरेल, असे यंत्र आणि अशी माणसे तयार करणे यालाच यश म्हणावे.

'संगणकाच्या चुकीमुळे' अशी बातमी तुम्ही पुढे केव्हा तरी वाचालच. तेव्हा तीन प्रश्न विचारा. यंत्राला नेमके काय करायला सांगितले होते? ते ज्या कामासाठी बनवले, त्याच कामाला वापरले होते का? आणि चूक आधी कोणाला दिसली होती का? बहुतेक वेळा बातमीत एकाच प्रश्नाचे उत्तर असते. बाकीची दोन आपल्याला शोधावी लागतात.

जाता जाता थोडा गृहपाठ. ०.२, ०.३७५ आणि ०.६ या संख्या वरच्या रीतीने द्विमान पद्धतीत लिहा. यांतली एकच संख्या संपते. कोणती, ते काढा. आणि तीच का, याचा विचार करा. सूचना एवढीच, की त्या संख्येला अपूर्णांकाच्या रूपात लिहून छेदाकडे नीट पाहा.